आधी निदान, मग गॅस

उन्हाळा चढू लागला की वेरूळ-खुलताबादच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडी एकच तक्रार असते, "एसी थंड करत नाही." गॅरेजमध्ये गेले की उत्तरही बहुधा एकच मिळते, "गॅस कमी झाला, टाकून देतो." गॅस टाकला जातो, पैसे दिले जातात, गाडी चार दिवस थंड राहते. मग पुन्हा तीच तक्रार आणि पुन्हा तेच उत्तर. वास्तविक एसी कमी थंड करण्याची, किंवा एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येण्याची अनेक कारणे आहेत. गॅसची कमतरता हे त्यांपैकी फक्त एक. नाडी न पाहता औषधाची पुडी बांधणाऱ्या हकीमाकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. मग दुखणे न शोधता गॅस भरणाऱ्याकडे दर उन्हाळ्यात का जावे?

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, येथून लेणी सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. याच रस्त्यावर दौलताबादचा किल्ला, खुलताबादचे दर्गे, भद्रा मारुती आणि वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर येते. या रस्त्यावर भाड्याची गाडी चालवणारे, ती दुरुस्त करणारे, हॉटेलवाले, हिमरू आणि पैठणीचे दुकानदार ही सारी एकाच धाग्यात ओवलेली माणसे आहेत. यांत आपल्या समाजातील पुष्कळ घरे आहेत. कैलास लेणे पाहून उन्हातून परत आलेला प्रवासी गाडीत बसला आणि त्याला अर्धा तास गरम वाफ सोसावी लागली, तर तो वाटेत कोणत्याही दुकानापाशी गाडी थांबवू देत नाही. "सरळ हॉटेलवर चला," असे म्हणतो. गाडीवाल्याचे पुढचे भाडे जाते आणि हिमरूच्या दुकानाचे गिऱ्हाईकही जाते. एका गाडीचा एसी बिघडला की नुकसान अनेकांच्या गल्ल्यात दिसते. म्हणून हा केवळ मिस्त्री लोकांचा विषय नाही.

ही सवय आली कोठून?

गॅस भरून मोकळे होण्याच्या सवयीला इतिहास आहे. जुन्या गाड्यांच्या एसीत आर-१२ नावाचा गॅस असे. रबरी नळ्या आणि कंप्रेसरच्या सीलमधून तो थोडा थोडा झिरपत असे, यंत्रणेत तो भरपूर मावत असे आणि थोडे कमी-जास्त झाले तरी यंत्रणा चालवून घेत असे. त्यामुळे दर उन्हाळ्यात गॅस टाकणे हीच दुरुस्ती मानली गेली.

पुढे हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो हे सिद्ध झाले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २००० मध्ये आपल्याकडे ओझोनविषयीचे नियम आले. दम्याच्या पंपासाठीचा अपवाद वगळता २००८ मध्ये देशातील या जातीच्या गॅसचे उत्पादन थांबले. त्याची जागा गाड्यांमध्ये आर-१३४ए या गॅसने घेतली. युरोपात २०१७ पासून प्रत्येक नव्या गाडीसाठी त्याहूनही सौम्य गॅस लागतो आणि तिथे मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरला जातो. तो थोडासा ज्वालाग्राही आहे आणि त्याची जोडणीही वेगळी असते.

गॅस बदलला तसे एसीही बदलले. आजच्या लहान गाडीत सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० ग्रॅमच गॅस मावतो. त्यात ५०-१०० ग्रॅमचा फरकही जाणवतो. कमी पडला तर थंडावा जातो आणि जास्त झाला तरीही जातो. नेमका आकडा बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेला असतो. जमाना ग्रॅमचा आला, पण आपली भरण्याची रीत मात्र अंदाजाची राहिली. आमच्या कापडाच्या धंद्यात हातभर मोजून कापड विकायचे दिवस केव्हाच गेले. मीटरपट्टीशिवाय थान उलगडले तर गिऱ्हाईक उठून जाईल. एसीच्या धंद्यात मात्र हातावर मोजणे अजून चालू आहे.

यंत्र काय करते, ते दोन शब्दांत

एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हे एकदा समजले की निदान निम्मे सोपे होते. कंप्रेसर गॅसला दाबतो. दाबलेला गॅस तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो वाऱ्याने निवतो आणि द्रव होतो. ड्रायर त्यातील ओलावा शोषतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळताना कॉइलची उष्णता ओढून घेतो. ब्लोअर या गार कॉइलवरून हवा फुंकतो आणि ती जाळ्यांतून आपल्याकडे येते.

म्हणजे कामे चार झाली : दाबणे, निवणे, सुटणे, फुंकणे. पाचवे काम झडपांचे. थंड हवेत गरम हवा किती मिसळायची आणि ती कोणत्या जाळीला पाठवायची हे त्या ठरवतात. या पाच कामांपैकी कोणते बिघडले हे शोधणे म्हणजेच निदान.

वेरूळचा रस्ता हीच तपासणी

देवाच्या कृपेने आपल्या गाडीवाल्यांना तपासणीसाठी वेगळी जागा शोधण्याची गरज नाही. शहरापासून वेरूळपर्यंतचा रस्ताच प्रत्येक कामाची परीक्षा घेतो. चालकाने फक्त लक्ष ठेवायचे आणि मिस्त्रीला नीट सांगायचे. "थंड होत नाही" एवढे सांगणे म्हणजे हकीमाला "तब्येत बरी नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे.

निघताना पाहावे की हवाच कमी येते की हवा भरपूर येते पण थंड नाही. हे दोन आजार वेगळे आहेत. ब्लोअर पूर्ण वेगावर असून हवेचा झोत मंद असेल तर पहिला संशय केबिन फिल्टरवर घ्यावा. मराठवाड्याच्या धुळीत तो लवकर तुंबतो. तो बहुधा सामान ठेवण्याच्या खणामागे असतो, पाच-दहा मिनिटांत निघतो. त्यानंतर ब्लोअर आणि कॉइलवर साचलेला मळ. या दुखण्यात गॅसचा काही संबंध नाही.

मोकळ्या रस्त्यावर थंड, पण दौलताबादच्या जुन्या दरवाज्यापाशी वाहने तुंबली की किंवा वेरूळच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहिले की गरम, असे होत असेल तर बोट कंडेन्सरकडे जाते. गाडी धावते तेव्हा वारा कंडेन्सरला निववतो. गाडी थांबली की ते काम पंख्याचे. पंखा फिरत नाही, हळू फिरतो, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कचरा बसला आहे, या तिन्ही गोष्टी बॅटरीच्या उजेडात दिसतात.

घाट चढताना थंडावा क्षणभर गेला आणि सपाटीवर आल्यावर लगेच परतला, तर ते बहुतेक दुखणे नाही. लहान इंजिनावर ताण आला की गाडीचा कॉम्प्युटर कंप्रेसर तात्पुरता बंद करतो. पण घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटाही चढत असेल, तर एसीआधी रेडिएटर, कूलंट आणि पंखा पाहायला हवा. तिथे एसीचा गॅस भरणे म्हणजे ताप आलेल्याला चष्मा देणे.

पहिली वीस मिनिटे उत्तम थंडावा, मग हवेचा झोतच हळूहळू कमी होत गेला आणि एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून ब्लोअर चालू ठेवला की पुन्हा ठीक, असे असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइलचा सेन्सर बिघडला, फिल्टर तुंबला किंवा गॅस कमी झाला, यांपैकी काही असू शकते. झोत जोरात आहे, पण हवा मध्येच कोमट होते आणि मध्येच गार, असे असेल तर यंत्रणेत ओलावा शिरून व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आहे, किंवा कंप्रेसरचा क्लच तापल्यावर सुटतो आहे. ही दोन्ही दुखणी नुसत्या गॅसने बरी होत नाहीत.

एक गोष्ट मात्र दुखणे समजू नये. लेण्यांपाशी तीन तास उन्हात उभी राहिलेली गाडी भट्टीसारखी तापते. तिथे आल्या आल्या काचा बंद करून एसीला दोष देण्यात अर्थ नाही. दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून गाडी चालवावी, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. पुष्कळ वेळा हे बटण बाहेरच्या हवेवर राहिलेले असते आणि गाडीवाला चाळीस अंशांची हवा थंड करायला लावून वर गॅसचे पैसे मोजतो.

डावीकडे गार, उजवीकडे कोमट

असमान थंडाव्याची तक्रार अलीकडे वाढली आहे, कारण गाड्याच गुंतागुंतीच्या झाल्या आहेत. येथे दोन आजार सारखे दिसतात आणि मिस्त्रीची खरी परीक्षा येथेच होते.

पहिला आजार गॅस कमी असण्याचा. गॅस कमी असला की कॉइलचा जो भाग आधी भरतो तो गार होतो, पलीकडच्या भागापर्यंत पुरेसा द्रव पोहोचत नाही. मग एका बाजूच्या जाळ्यांतून गार आणि दुसऱ्या बाजूच्या जाळ्यांतून कोमट हवा येते. दुसरा आजार झडपेचा. ज्या गाड्यांत चालकाचे आणि शेजाऱ्याचे तापमान वेगळे ठेवता येते, तिथे दोन बाजूंना गरम-थंड हवा मिसळणाऱ्या वेगळ्या झडपा असतात. त्यांना छोट्या मोटारी असतात. मोटारीचा दातेरी चाक झिजला तर झडप अर्ध्यात अडकते. तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टिकटिक आवाज आला तर मोटारीवर संशय घ्यावा. जुन्या गाड्यांत हीटरचा नळ पूर्ण बंद होत नाही आणि थंड हवेत गरम पाण्याची उष्णता मिसळत राहते.

दोन्ही आजारांतील फरक मीटर सांगतो. दाब ठीक असून एक बाजू कोमट, तर झडप. दाब कमी आणि एक बाजू कोमट, तर गॅस, म्हणजेच गळती. मीटर न लावता गॅस टाकला आणि आजार झडपेचा असला, तर गॅस जास्त होऊन चांगली बाजूही बिघडते.

सात-आठ आसनांच्या गाड्यांत मागे वेगळी कॉइल आणि वेगळा ब्लोअर असू शकतो. पुढे थंड आणि मागे गरम असेल तर मागचा ब्लोअर, मागचा फिल्टर असल्यास तो, आणि मागच्या कॉइलचा व्हॉल्व्ह पाहावा. यात्रेकरूंच्या गाड्यांत मागच्या जाळ्या सामानाने झाकलेल्या असतात, हेही आधी पाहावे. त्याला खर्च काही नाही.

मीटर काय बोलतो

गेजचा जोड प्रत्येक एसी मिस्त्रीकडे असतो. प्रश्न तो लावण्याचा आणि वाचण्याचा आहे. आर-१३४ए गॅसवर चालणाऱ्या गाडीत उन्हाळ्याच्या हवेत लो साइडला साधारण ३० ते ५० आणि हाय साइडला २०० ते ३०० पौंड दाब दिसतो. गाडीगणिक हा आकडा बदलतो आणि कंपनीच्या पुस्तकातील आकडा शेवटचा मानावा. पण दोन काट्यांचे नाते बहुतेक गाड्यांत सारखेच असते.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी आहे. तेव्हा "किती टाकू" हा प्रश्न नंतरचा, "गेला कोठे" हा पहिला. दोन्ही काटे वर असतील तर गॅस जास्त आहे, यंत्रणेत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर निवत नाही. लो साइड वर आणि हाय साइड खाली असेल तर कंप्रेसर दाबत नाही. लो साइड अगदी तळाला गेली असेल तर व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. याच्या जोडीला एक साधा थर्मामीटर मधल्या जाळीत ठेवावा. काचा बंद, हवा आतलीच, दहा मिनिटे गाडी चालवल्यावर हवा साधारण ६ ते १२ अंशांपर्यंत उतरली तर एसीचे काम ठीक आहे. चारही जाळ्यांची तपासणी करावी. दोन बाजूंत तीन-चार अंशांहून अधिक फरक दिसला तर असमान थंडाव्याची तक्रार खरी. ज्या गाडीत दोन बाजूंना वेगळे तापमान ठेवता येते, तिथे आधी दोन्ही बटणे सारख्या आकड्यावर आणावीत.

आमच्या दुकानाची गाडी मालेगावच्या फेऱ्या करते. एका उन्हाळ्यात तिच्यात एका गॅरेजने लागोपाठ दोनदा गॅस टाकला. दुसऱ्या वेळेनंतर थंडावा आणखी कमी झाला. दुसऱ्या एका उस्तादाने मीटर लावला, तर दोन्ही काटे वर. त्याने बॅटरी मारून पाहिले. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये यंत्रमागांच्या आवारातील कापसाचे तंतू धुळीत मिसळून रजईसारखे बसले होते. त्याने मंद पाण्याने ते धुऊन काढले, जादा गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, वजन करून चिठ्ठीवरील आकड्याएवढा पुन्हा भरला. गाडी थंड झाली. त्याने तपासणीची मजुरी मागितली तेव्हा शेजारी उभा असलेला एक गाडीवाला म्हणाला, "नुसते पाहायचे पैसे?" माझ्या मते त्या एका वाक्यात या साऱ्या धंद्याचे दुखणे आहे.

पाहण्याचे पैसे

आपण गॅसचे पैसे देतो, कारण गॅस डोळ्यांना दिसत नसला तरी सिलिंडर दिसतो. पाहण्याचे पैसे देत नाही. मग मिस्त्री काय करतो? अर्धा तास पाहण्यात घालवला तर त्याला काही मिळत नाही, गॅस टाकला तर लगेच मिळतात. आपणच त्याला निदान सोडून गॅसकडे ढकलले आहे. म्हणून दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. जो व्यापारी आपल्या दुकानात "एकच भाव" अशी पाटी लावतो आणि गॅरेजमध्ये तपासणीची मजुरी बुडवतो, त्याचाही यात वाटा आहे.

रफूगराचे उदाहरण घ्या. शालीला भोक पडले की तो आधी ती उजेडाकडे धरतो, ताण्याचा धागा तुटला की बाण्याचा ते पाहतो, मग सुई उचलतो. त्याचे अर्धे कौशल्य त्या पाहण्यातच आहे आणि आपण त्याचे पैसे देतो. हिमरूच्या मागावरील विणकरही नक्षी बिघडली की आधी तुटलेला धागा शोधतो, वरून रंग फासत नाही.

पवित्र कुरआनातील ८३ व्या सूरहचे नावच माप कमी देणाऱ्यांवरून पडले आहे. आपण हा इशारा धान्य आणि कापडापुरता समजतो. पण ज्याने ४०० ग्रॅमचे पैसे घेऊन अंदाजाने २०० ग्रॅम टाकला, त्याचे मापही मापच आहे. ज्याने गळती माहीत असून ती सांगितली नाही, त्याने दोष झाकून माल विकला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि ती ओल वर का ठेवली नाही असे विक्रेत्याला विचारले, ही घटना आपल्या प्रत्येक मदरशात सांगितली जाते. गॅरेजमधील ओल म्हणजे न सांगितलेली गळती. अमानतदार कारागीर ती वर ठेवतो.

दुसऱ्या बाजूने गिऱ्हाईकानेही कारागिराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी अशी आपली शिकवण आहे. पाहण्यातही घाम गाळावा लागतो, विशेषतः मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर वाकून.

गॅस भरायचाच असेल तर

गळती सापडल्याशिवाय गॅस भरू नये. साबणाचा फेस, रंग, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, नायट्रोजनचा दाब, जे साधन असेल ते वापरावे. खडीच्या रस्त्यावर कंडेन्सरला दगड लागून पडलेले बारीक छिद्र तेलकट डागावरून ओळखू येते. गळती बुजवल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढावा, मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते पाहावे. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायर बदलावा. गॅस वजन करून भरावा आणि तेल कंपनीने सांगितलेलेच घालावे.

जुना गॅस हवेत सोडून देणे बंद झाले पाहिजे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. अशा गॅसवर बंधने आणणारा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने त्यावर २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केले. म्हणजे आर-१३४एचे दिवसही मोजलेले आहेत. जो आज गॅस ओढून घेऊन पुन्हा वापरायला शिकेल, त्याचा उद्या फायदा आहे.

स्वस्त गॅसच्या मोहात तर मुळीच पडू नये. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीत कंटेनरचे स्फोट होऊन माणसे दगावली. तपासात आर-१३४एमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ निघाली. ते ॲल्युमिनियमशी मिळून भयंकर पदार्थ तयार करते, आणि गाडीचा एसी जवळजवळ सारा ॲल्युमिनियमचा असतो. कोणी स्वयंपाकाचा गॅस भरून देत असेल तर त्या दारात गाडी नेऊच नये. प्रवासी बसतात त्या जागेत स्फोटक वस्तू ठेवण्यासारखेच ते आहे.

दारात आलेले काम

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की एसीचे काम वाढणार आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार साडेतीन टनांवरील नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी आली. वेरूळवरून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर धावणाऱ्या ट्रकांचा विचार करा. आजवर ज्या वाहनात एसीच नव्हता, त्यात तो आला आहे आणि दोन-चार उन्हाळ्यांत तो दुरुस्तीलाही येईल. शेंद्र्याला २००१ पासून मोटारी बनत आल्या आहेत आणि २०२४ मध्ये बिडकीनसाठी टोयोटाने राज्य सरकारशी करार केला आहे. वीजेवरच्या गाड्यांत तर कंप्रेसरच मोठ्या दाबाच्या विजेवर चालतो. तिथे चुकीचे तेल पडले तर वीजरोधन बिघडते आणि नारिंगी तारेला शिक्षणाशिवाय हात लावणे जिवावर बेतू शकते.

हे काम आपल्या मुलांना मिळेल की ते चकचकीत काचेच्या सर्व्हिस सेंटरकडे जाईल, याचा निर्णय निदानाच्या कौशल्यावर होणार आहे. गॅस तर कोणीही टाकेल. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजमध्ये हात बसलेल्या मुलाने तो केला तर उस्तादाचा हात आणि पुस्तकाचे ज्ञान एकत्र येते. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी पुस्तकांची भीती वाटते हे मी जाणतो. पण बॉनेटखालच्या चिठ्ठीवरील ग्रॅम आणि गेजवरील आकडा यांना कोणतेही माध्यम लागत नाही. तिथून सुरुवात करावी, भाषा हळूहळू येते.

गॅस ओढून, वजन करून भरणारे मशीन एकट्या लहान गॅरेजला परवडत नाही, हेही खरे आहे. पण एका बाजारातील पाच-सहा गॅरेजांनी मिळून ते घेतले आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी कर्जे हसना दिले, तर ते अशक्य नाही. आपण लग्नाच्या एका जेवणावर जेवढे उधळतो, तेवढ्यात असा पुष्कळ खर्च भागतो.

तीन सूचना

व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मी तीन साध्या गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक गॅरेजने तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती पाटीवर लिहावी. दुरुस्ती तिथेच करून घेतली तर हवी तर ती बिलातून वजा करावी, पण ती ठरलेली असावी.

दुसरी, गाडी परत देताना एक चिठ्ठी द्यावी. तीवर कामाआधीचे आणि नंतरचे दोन्ही दाब, चारही जाळ्यांचे अंश, किती ग्रॅम गॅस भरला आणि गळती कोठे सापडली एवढे लिहावे. चार ओळींची ही चिठ्ठी गिऱ्हाईकाच्या मनात जो विश्वास निर्माण करील तो कोणत्याही जाहिरातीने होणार नाही. पुढच्या वर्षी तीच चिठ्ठी मिस्त्रीला निम्मे निदान आयते देईल.

तिसरी, गाडीवाल्यांनी गॅरेजमध्ये शिरताना "गॅस टाका" म्हणणे सोडावे. एसी केव्हा कमी थंड होतो, उभ्या गाडीत की धावत्या, कोणत्या जाळीतून, किती मिनिटांनी, झोत मंद होतो की हवा कोमट होते, एवढे सांगावे आणि पाहण्याचे पैसे खुशीने द्यावेत.

लेणी मंगळवारी बंद असतात. वेरूळच्या गाडीवाल्यांना आठवड्यात एवढा एक दिवस थोडा मोकळा मिळतो. उन्हाळा अंगावर येण्याआधीचा एक मंगळवार मीटर लावण्यासाठी राखून ठेवा. ज्या रोजीत माप पूर्ण आहे आणि दोष झाकलेला नाही, तिच्यात बरकत आहे, आणि असा धंदा इन्शाअल्लाह बदलत्या जमान्यातही टिकेल.